गुलाबजामचा तास बुधवारी

गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या मंगल कार्यालयात, भर पंगतीत, आमच्या बाईंना मी गुलाबजामशी बोलताना ऐकलं आहे. "आज सोमवार. तुझा तास बुधवारी," असं त्या त्याला म्हणाल्या. वाढपी भांडं घेऊन तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, आपल्यालाच काहीतरी सुनावताहेत. मग बाईंनी जरा विचार केला, पर्समधून छोटी वही काढली, बुधवारच्या चौकटीत काट मारली, सोमवारच्या चौकटीत ‘बदली तास’ असं लिहिलं आणि त्याला म्हणाल्या, "वाढा. दोन. पाकही येऊ द्या." त्यानंतर अर्धा तास त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. नवरीची आई समोर येऊन हात जोडून उभी राहिली, तिलाही बाईंनी डाव्या हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. दुसरा गुलाबजाम संपला, बोटं पुसून झाली, मग त्या उठल्या आणि तिला मिठी मारून म्हणाल्या, "माय व! काय पाक जमलाय!"

बाईंचं माहेर मालेगावचं. एरवी त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, पण जीभ खूश झाली की त्यांच्या तोंडून अहिराणी बाहेर पडायची. त्यांना एखादा पदार्थ आवडला की नाही हे विचारावं लागत नसे. "भारी शे" असं ऐकू आलं की समजायचं.

पेठच्या पुढे डोंगरावर एक पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत बाई मुख्याध्यापिका होत्या आणि मी नव्यानेच लागलेली शिक्षणसेविका. आम्ही दोघी नाशिकहून रोज जाऊन-येऊन करायचो. सकाळी एसटीने पेठ, तिथून काळी-पिवळी जीपने फाटा आणि फाट्यापासून तीन किलोमीटर चढ. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि पत्रकांवर वाढलेली होते. आमच्या वसाहतीत वर्तमानपत्र दोन-चार घरांत यायचं, पत्रकं मात्र घरोघर. वडील कारखान्यातून यायचे ते पिशवीत युनियनच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊनच. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’वर. त्यामुळे नोकरी लागली तरी महिन्याला एखादं पत्रक लिहिल्याशिवाय मला चैन पडत नसे.

ती पत्रकं बाई जीपमध्ये वाचायच्या. पर्समधून लाल पेन काढून. "सहा उद्गारचिन्हं? एका पानाला दोन पुरे. बाकीची जपून ठेव, म्हातारपणी लागतील." मजकुराबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त एकदा बोलल्या. गंगापूर रोडवर वजन कमी करून देणारं एक केंद्र निघालं होतं. काचेचं दार, आत थंड हवा, भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. मी पेटून उठले. पेठ-सुरगाण्यात पोरं भुकेने वाळताहेत आणि साठ किलोमीटरवर लोक पैसे मोजून चरबी उतरवताहेत! पत्रकाचं नाव ठेवलं ‘चरबीचा बाजार’. बाईंनी ते पूर्ण वाचलं, एकही खूण न करता घडी घातली आणि म्हणाल्या, "काल मी तिथेच गेले होते."

जीपमध्ये मला कुठे बघावं कळेना. बाई तेव्हा एक्क्याण्णव किलोच्या होत्या. जीपच्या मधल्या बाकावर ड्रायव्हर चार माणसं कोंबायचा, पण बाई असल्या की तीनच. चौथ्याला तो टपावर पाठवायचा आणि वर पुन्हा, "मॅडम, तुम्ही दीड सीट हायेत, काय करणार," असं सगळ्यांदेखत सांगायचा. बाई हसायच्या. मीही हसत असे, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

त्या केंद्रात का गेल्या होत्या त्याला कारण होतं. जुलै महिन्यात चढावर, दुसऱ्या वळणापाशी, बाई खाली बसल्या आणि मग आडव्याच झाल्या. ओठ निळसर पडले होते. यशोदा म्हणून तिसरीतली एक मुलगी होती, तिची आई शेतावर जात होती. तिने आणि मी मिळून त्यांना सावलीला ओढलं. हे वरपर्यंत गेलं. विस्तार अधिकारी म्हणाले, "मॅडम, मला उद्या उत्तर द्यावं लागेल. मार्चअखेर डॉक्टरचा दाखला आणा की तुम्ही हा चढ चढू शकता. नाहीतर तुम्हाला खाली फाट्याच्या शाळेत घेतो. तुमच्याच सोयीचं आहे." डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, वजन केलं आणि सांगितलं, "ऐंशीवर या, मग बघू."

फाट्याची शाळा डांबरी रस्त्यावर होती. जीप दारात थांबायची. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. बाईंच्या यजमानांनी तर देवापुढे साखर ठेवली. पण बाईंच्या डोक्यात नऊ पोरं होती. त्या पाड्यावर यायच्या आधी तिथे कुठलाही शिक्षक दोन महिन्यांच्या वर टिकला नव्हता. शाळेला कुलूप आणि कागदावर पट. बाईंनी या नऊ जणांना पहिलीत हाताला धरून अक्षरं गिरवायला लावली होती, आता ती तिसरीत होती. "चौथी पास करून खाली पाठवते, मग मला कुठे टाकायचं तिथे टाका," असं त्यांनी साहेबांना सांगितलं. त्या गेल्या असत्या तर चार इयत्ता आणि मी एकटी. माझ्या पत्रकांमध्ये शिक्षणावर बरंच काही असे, पण एका खोलीत चार इयत्ता कशा सांभाळायच्या ते मला अजून येत नव्हतं.

केंद्रातल्या ताईंनी बाईंना एक छापील तक्ता दिला होता. भात नाही, गोड नाही, तळलेलं नाही, सकाळ-संध्याकाळ उकडलेला दुधी. बाईंनी तो मला दाखवला. "हे बघ. सगळे दिवस गणित आणि गणित. चित्रकलेला एक तास नाही, गाण्याला नाही. अशा शाळेत कोणतं पोर टिकेल?" आणि त्या रात्री त्यांनी स्वतःचं वेळापत्रक केलं. शाळेत करतात तसंच, पट्टीने रेघा मारून, वार आडवे, तास उभे. सोमवारी तळलेलं. मंगळवारी भात. बुधवारी गोड. गुरुवारी शेवभाजी, कारण मालेगावची बाई शेवभाजीशिवाय आठवडा काढूच शकत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. शुक्रवारी नुसती पालेभाजी, त्याला त्या ‘कवायत’ म्हणायच्या. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून मिसळ. रविवारी सुट्टी, म्हणजे मनाला येईल ते, पण एकच ताट. ज्याचा तास नाही त्याने वर्गाबाहेर थांबायचं.

आणि ज्याचा तास असेल त्याला पूर्ण पस्तीस मिनिटं द्यायची. बोलायचं नाही, वाचायचं नाही, उभ्याने खायचं नाही. दर सोमवारी पेठच्या स्टँडवर बाई बाकावर बसून दोन बटाटेवडे पस्तीस मिनिटं खायच्या. आधी वरचं कुरकुरीत, मग आतला बटाटा, मधूनच मिरचीचा शेंडा, डोळे मिटलेले. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. "मॅडम, वडा खाताय का पेपर सोडवताय?" बाई डोळे न उघडता बोट वर करायच्या. मला या सगळ्याचा राग यायचा. मी दोन मिनिटांत वडा गिळून मोकळी झालेली असे, आणि चव विचारली तर मला सांगता येत नसे.

त्यांचे यजमान एका कचेरीत क्लार्क होते, अतिशय शांत गृहस्थ; घरात त्यांच्याही ताटाला हेच वेळापत्रक. मला एकदा दारातच हळू आवाजात म्हणाले, "शाळा ठीक आहे हो. पण त्यात मधली सुट्टी नाही."

वजन उतरायला लागलं. ते मोजायची जागाही बाईंनी स्वतःच शोधून काढली. शाळेत खिचडी शिजायला लागली त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा पोरांना महिन्याचे तांदूळ घरी न्यायला मिळायचे, आणि ते फाट्यावरच्या रेशन दुकानात मोजले जायचे. पोरं आणि त्यांच्या आया त्या दिवशी खाली यायच्या. तिथे पोती तोलायचा मोठा तराजू होता, साखळ्यांना टांगलेला. तांदूळ वाटून झाले की बाई पर्स माझ्याकडे द्यायच्या, चपला काढायच्या आणि एका पारड्यात मांडी घालून बसायच्या.

"बाई, काटा तुटंल," दुकानदार म्हणाला होता पहिल्यांदा.

"तुझ्या काट्यावर पोती झोपतात. टाक वजनं."

तो लोखंडी वजनं टाकायचा आणि बाई पारड्यातूनच शिकवायच्या. "चार विसा किती? ऐंशी. अधिक दहा? अधिक एक? लिहा. मागच्या महिन्यात एक्क्याण्णव, आता एकोणनव्वद. किती उरले ते नको, किती गेले ते सांगा." नऊ पाट्यांवर वजाबाकी व्हायची. हातचा कसा घ्यायचा ते त्या पोरांना बाईंच्या वजनाने कळलं. ऑक्टोबरात सत्त्याऐंशी. डिसेंबरात चौऱ्याऐंशी. जानेवारीत ब्याऐंशी. पोरं टाळ्या वाजवायची. आया वाजवत नव्हत्या. हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

त्याच दिवशी, दुकानाच्याच ओट्यावर, अंगणवाडीच्या ताई लहान बाळांची वजनं करायच्या. कापडाच्या झोळीत बाळ टांगायचं, काटा बघायचा, तक्त्यावर टिंब द्यायचं. टिंब खाली घसरून लाल पट्ट्यात गेलं की ताई ओरडायच्या, डॉक्टर ओरडायचे, बाळाला पेठला न्यावं लागायचं. कधी बाळ परत यायचं, कधी नाही. या बायका वजनाबद्दल आयुष्यात एकच गोष्ट शिकल्या होत्या. काटा खाली आला की माणूस जातं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात यशोदाने बाईंच्या टेबलावर पळसाच्या पानात बांधलेली भाकरी ठेवली. नागलीची म्हणजे नाचणीची, जाड, गरम, सोबत खुरसणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी. मग उकडलेली अंडी, भाजलेल्या शेंगा, एकदा ओढ्यातले खेकडे आणि एकदा आख्ख्या कोंबडीचं कालवण. बाईंना वाटलं काही सण असेल. नागलीची भाकरी त्यांच्या वेळापत्रकात नव्हती, म्हणजे तिला कुठल्याच वाराची मनाई नव्हती. त्या खात गेल्या आणि वर "भारी शे" म्हणत गेल्या.

फेब्रुवारीचे तांदूळ मोजायच्या दिवशी वजन भरलं पंच्याऐंशी. आणि या वेळी आयांनी टाळ्या वाजवल्या.

यशोदाची आई पुढे आली. "वाढलं ना? आता बरं वाटतं का बाई? आमी लय घाबरलो व्हतो. दर महिन्याला खाली खाली. खरं सांगा, नवरा जेवाया घालीत नाय का? का पगार थकलाय?"

बाई पारड्यात बसलेल्याच होत्या. उतरल्या, चपला घातल्या.

चढ चढताना मी त्यांना सोडलं नाही. मी सगळं बोलले. मार्चअखेर येतेय. पाच किलो आहेत. आणि तुम्ही या बायकांच्या पोरांच्या वाटचं खाताय, ज्यांची बाळं लालमध्ये आहेत त्यांच्या घरातली अंडी खाताय. माझा आवाज चढला होता, पत्रकासारखा. बाई दुसऱ्या वळणापाशी थांबल्या. दम खाल्ला.

"परत पाठवू भाकरी? तू पाठवशील? तुझ्या वसाहतीत कुणी भाकरी आणून दिली आणि समोरच्याने परत पाठवली, तर त्याचा अर्थ काय होतो हे मी तुला सांगायला हवं का?"

तो अर्थ मला चांगला माहीत होता.

"मग त्यांना खरं सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? की मला जास्त झालं म्हणून मी कमी करतेय? त्यांच्यासमोर उभी राहून? लाज वाटते गं पोरी. सहा महिने तेच तर टाळतेय."

संध्याकाळी मी घरी जाऊन पत्रक लिहायला बसले आणि पहिल्या वाक्यावरच अडले. शिव्या कुणाला द्यायच्या तेच ठरेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या आयांना दुपारी शाळेत बोलावलं. अंगणवाडीचा तक्ता मागून आणला आणि फळ्यावर टांगला. त्याच्या वरच्या बाजूला, जिथे तक्ता संपतो तिथे, लाल खडूने एक जाड पट्टा ओढला.

"तुमची पोरं खालच्या लालमध्ये जातात, पोटाला मिळत नाही म्हणून. मी या वरच्या लालमध्ये होते. मला फार मिळालं म्हणून. जुलैत मी चढावर पडले ती त्यामुळे. साहेब म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर तुम्हाला फाट्यावर ठेवतो. मला फाट्यावर जायचं नाही. हे मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे लय खाल्लं तरी लाल?"

"हो."

"आरं देवा! मंग मानसानं करायचं तरी काय?"

आणि हसू फुटलं. आधी एक, मग सगळ्या. बाईही हसल्या, डोळे पुसत. यशोदाची आई मात्र गंभीर होती. "आदी बोलायचं ना बाई. आमची कोंबडी वाचली असती." मग त्याहून मोठा हशा.

तो ओसरल्यावर ती पुढे येऊन बाईंच्या शेजारी उभी राहिली. काटकुळी बाई, डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन तो चढ न थांबता चढणारी. "वजन ऱ्हाऊ द्या. तुमाला चढताच येत नाय. मी रोज बघते. तुमी बोलत चढता. सरळ चढता. दम लागला का बसता. बसायचं नाय. बोलायचं नाय. आडवं-तिडवं चालायचं, गुरं चालत्यात तसं. उद्यापासनं मी फाट्यावर येते. मी शिकवीन."

दुसऱ्या दिवशी ती खरंच फाट्यावर उभी होती. पुढचे दोन महिने मी आमच्या मुख्याध्यापिकेला विद्यार्थिनी झालेलं पाहिलं. यशोदाची आई पुढे, बाई मागे, मी सगळ्यात मागे. बाईंनी तोंड उघडलं की पुढून आवाज यायचा, "बाई, बोलू नगा!" दहा वर्षं वर्गात हेच वाक्य दुसऱ्यांना सांगणाऱ्या बाई निमूट ऐकायच्या. पहिल्या आठवड्यात त्या तीन ठिकाणी थांबायच्या. मग दोन. मार्चच्या मध्याला एकदाही थांबल्या नाहीत, आणि वर पोचल्यावर मीच दगडावर बसले होते.

भाकऱ्या बंद झाल्या नाहीत. बाईंनी त्यांना तास दिला. शुक्रवारची कवायत काढून टाकली आणि तिथे नागलीची भाकरी आली, दर शुक्रवारी एका घराची. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्या घरी बाईंच्या डब्यातली शेवभाजी जायची, जेवढ्या भाकऱ्या यायच्या तेवढ्याच वाट्या. पाड्यावर शेवभाजी आधी कुणी खाल्ली नव्हती. पहिल्यांदा यशोदाच्या घरी गेली तेव्हा निरोप आला, "तिखाट हाय, पन चालंल."

डॉक्टरांच्या काट्यावर वजन भरलं एक्क्याऐंशी. बाईंचा चेहरा पडला. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला, मग त्यांना दवाखान्याचे तीन जिने चढून-उतरून यायला सांगितलं. बाई भिंतीला चिकटून, आडव्या-तिडव्या, तोंड घट्ट मिटून चढल्या. वरचे पेशंट बघत राहिले. खाली आल्यावर डॉक्टर नाडी धरून म्हणाले, "एक किलो साडीचा धरू," आणि सही केली. विस्तार अधिकाऱ्यांनी दाखला फिरवून फिरवून पाहिला. "मॅडम, लोक वर जायचं नाही म्हणून दाखला आणतात," एवढंच बोलले आणि फायलीत लावला.

बाई पुढे बारीक वगैरे झाल्या नाहीत. पंचाहत्तर-शहात्तरवर येऊन तिथे स्थिरावल्या आणि मी त्यांना ओळखत होते तोपर्यंत तिथेच राहिल्या, वडा, मिसळ, शेवभाजी, गुलाबजाम सगळ्यांसकट. मी त्यांना एकदा विचारलं, एवढी वर्षं कसं जमलं, लोकांना तर सहा महिने जमत नाही. त्या म्हणाल्या, "लोक पदार्थांना शाळेतून काढून टाकतात. ते खिडकीतून परत येतात." मी ‘चरबीचा बाजार’ पुन्हा लिहिलं, भूक आणि लाल पट्ट्याबद्दल, बायकांच्या भाकऱ्यांबद्दल. आधीच्यापेक्षा बरं झालं असावं, कारण बाईंनी त्यात एकच दुरुस्ती केली. मी त्यांचं वजन चुकीचं लिहिलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी ती नऊ पोरं चौथी पास झाली. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी आम्ही दोघी चढत होतो आणि ती वरून खाली येत होती. फाट्यापलीकडच्या आश्रमशाळेत त्यांचा पाचवीचा पहिला दिवस होता. नव्या गणवेशात, पत्र्याच्या पेट्या डोक्यावर, एकामागे एक. दुसऱ्या वळणापाशी गाठ पडली. पोरं थांबली. यशोदा पेटी खाली ठेवून पाया पडायला वाकली आणि मग रडायला लागली, तशी बाकीचीही. मला वाटलं आता बाई बसणार, पाचेक मिनिटं तरी.

बाईंनी प्रत्येकाची कॉलर सरळ केली, एकाच्या शर्टाची गुंडी लावली, यशोदाची पेटी उचलून पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवली.

"चला, व्हा पुढे. आणि मला वाट द्या," त्या म्हणाल्या. "वर पहिलीत सात जण बसलेत. त्यांना अजून एक अक्षर येत नाही."